ढेकळाच्या पोटात काय काय!

संक्रांत झाली, थंडी ओसरू लागली, की परसात उन्हाळी भाज्या लावायचे वेध लागतात. भेंडी, गवार, काकडी, दोडका... पण बियांची पुडी फोडायची घाई नको. आधी परसात जा आणि एक ढेकूळ उचला. काळं आहे? जड आहे? फोडायला हातोडी लागेल इतकं टणक? तर मग मित्रांनो, तुमच्या हातात कधीकाळचा लाव्हा आहे!

अगदी खरं सांगतेय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉरांचे शेवटचे दिवस चालू असताना, आपल्याकडची जमीन फाटली आणि तिच्यातून तापलेला रस वाहू लागला. एकावर एक थर साचले, निवले आणि त्यांचा काळा कातळ झाला, बेसॉल्ट. सह्याद्रीचे कडे त्याचेच, अजिंठ्याची लेणी कोरली तीही त्यातच. पुढे ऊन, पाऊस आणि झाडांची मुळं या कातळाला लाखो वर्षं कुरतडत राहिली आणि झाली आपली काळी माती. कोकणात पाऊस धो-धो. त्यानं मातीतले कितीतरी क्षार धुऊन नेले, लोखंडाचा अंश तेवढा मागे राहिला. म्हणून तिकडची माती तांबडी.

आता एक बरणी घ्या. तिसरा हिस्सा माती, वर पाणी. झाकण लावून खळखळ हलवा आणि ठेवून द्या. जाड वाळू लगेच तळाशी बसेल, तिच्यावर बारीक गाळ. पण पाणी मात्र गढूळच राहील, अगदी दुसऱ्या दिवशीसुद्धा. हे तरंगणारे कण चिकणमातीचे, एकेकटे डोळ्यांना दिसणारच नाहीत इतके बारीक. काळ्या मातीत ते भरपूर असतात. पाणी मिळालं की ते फुगतात, वाळले की आकसतात. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात ना, त्या यामुळेच.

आणि इथंच भाजीची पंचाईत होते. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते, कारण मुळंसुद्धा श्वास घेतात. घट्ट चिकणमातीत हवेला वाटच नसते. म्हणून वाफा वीतभर खोल खणायचा, ढेकळं फोडायची, आठवडाभर ऊन खाऊ द्यायचं आणि मग त्यात शेणखत मिसळायचं. कुजलेल्या खतामुळे मातीचे कण एकमेकांना धरून बसतात, त्यांचे छोटे छोटे रवे होतात. माती रवाळ झाली की रव्यांमधल्या फटींतून हवा खेळते आणि पाणीही टिकतं. खत मात्र पुरतं कुजलेलं हवं. कुजता कुजता ढीग इतका तापतो की आतलं तापमान ५०-६० अंशांवर जातं. अर्धवट कुजलेलं खत घातलंत तर कोवळ्या मुळांचं काही खरं नाही!

कुजवण्याचं हे काम करतं कोण? जिवाणू, बुरशी आणि माझं सगळ्यात आवडतं गांडूळ. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत, दात नाहीत. तरी पानं आणि माती गिळून, पोटातल्या बारीक खड्यांनी दळून ते सुपीक विष्ठा बाहेर टाकतं. इंग्लंडमध्ये चार्ल्स डार्विन या मोठ्या शास्त्रज्ञानं गांडुळं घरात कुंड्यांमध्ये पाळली होती. शिट्टी वाजवली, पियानो वाजवला, गांडुळं ढिम्म. मग त्यांची कुंडी पियानोवरच ठेवली आणि एक सूर छेडला. झटक्यात गांडुळं बिळात! आवाज ऐकू येत नव्हता, पण थरथर अंगाला कळली होती. १८८१ साली डार्विननं गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं, ते त्याचं शेवटचं. तुमच्या वाफ्यात गांडूळ सापडलं तर त्याला हळूच मातीखाली ठेवा. उघड्यावर त्याची कातडी वाळते, आणि ते कातडीनंच श्वास घेतं.

तयार वाफ्यावर पाणी शिंपडून नाक जवळ न्या. पहिल्या पावसात येतो तोच वास! मातीतले काही जिवाणू जिओस्मिन नावाचं रसायन बनवतात, त्याचा हा दरवळ. कुजकट वास आला तर समजा, आत पाणी तुंबलंय, हवा पोहोचत नाहीये. वाफा पुन्हा हलवा.

आता बी. गारठलेल्या मातीत भेंडीचं बी रुसून बसतं, म्हणून माती ऊबदार व्हायला लागली की पेरायचं. भेंडीचं, कारल्याचं कवच टणक, ते रात्रभर पाण्यात भिजवा. बी फार खोल पुरू नका, बोटाचं एक पेर पुरे. वर वाळका पालापाचोळा पसरा, म्हणजे ओल टिकेल. कोंब दिसले की तेवढ्या जागेवरचा पाला बाजूला सारा.

जागा कमी असेल तर भेंडीची चार रोपं लावा, पण शेजारी दोडक्याचा आणि घोसाळ्याचा एकेक वेल हवाच. दोघांचीही फुलं पिवळी, पण दोडक्याची संध्याकाळी उमलतात आणि घोसाळ्याची भल्या पहाटे. कळ्या धरल्या की रोज दोन्ही वेळा वेलापाशी जा, फूल कधी उघडलं आणि त्यावर कोणता किडा येऊन बसला ते वहीत लिहून ठेवा.