गिरणी बंद असताना

त्या खोलीत शिरलं की आधी ओल्या वाळूचा वास येतो आणि त्याच्यामागून ताज्या दळलेल्या ज्वारीचा. पुण्यातल्या पेठेतली जुनी इमारत. खाली पिठाची गिरणी, वर समुपदेशनाची खोली. गिरणी सुरू झाली की वरच्या फरशीला बारीक कंप सुटतो. मला तो जाणवलाही नव्हता. माझ्या मैत्रिणीला मात्र लगेच जाणवला. पहिल्याच दिवशी ती चपला न घालता जिना उतरली आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

ती किल्लारीच्या बाजूची. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं होतं. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. झोपेतच घरं अंगावर आली. सरकारी नोंदीत जवळपास आठ हजार माणसं गेली. त्यातली दोन तिच्या घरची. दाराला आतून कडी होती, म्हणून बाहेरच्यांना आत यायला वेळ लागला, असं तिनं लहानपणी कुणाच्या तरी तोंडून ऐकलं. तेव्हापासून आजतागायत ती कडी लावून झोपलेली नाही. हे मला कळलं ते पंधरा वर्षांच्या मैत्रीनंतर. गेल्या अनंत चतुर्दशीला ढोल-ताशाचं पथक ऑफिसखालून जात होतं आणि ती जिन्यात भिंतीला पाठ घट्ट टेकून, तळवे फरशीवर दाबून बसलेली सापडली.

काळ जाऊ दे, आपोआप विसरशील, असं आपण सगळेच म्हणतो. मीही कुणाकुणाला म्हटलंय. तिनं तीस वर्षं जाऊ दिली.

या खोलीत येण्याआधी एकदा ती दुसऱ्या एका समुपदेशकांकडे गेली होती. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, डोळे मिटा आणि त्या रात्रीचं सगळं सांगा. ती सांगत गेली. पुढचे चार दिवस तिचा डोळ्याला डोळा लागला नाही, आणि पुन्हा ती त्या वाटेला गेली नाही. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२मध्ये आघातावरच्या आपल्या पुस्तकात पायऱ्या मांडल्या, त्यात पहिली पायरी सुरक्षिततेची आहे; आठवणींना हात घालायचा तो त्यानंतर. तीस वर्षांहून जुनी ही गोष्ट अजून सगळ्यांपर्यंत पोचलेली नाही, याचा मला राग येतो.

इथल्या समुपदेशक ताईंनी पहिल्या तीन भेटींत भूकंपाचं नावही काढलं नाही. झोप कशी लागते, घरात कुठल्या कोपऱ्यात बरं वाटतं, छातीत धडधड सुरू झाली की हात कुठे ठेवायचा, एवढंच. आणि त्या खाली जाऊन गिरणीवाल्या काकांशी बोलून आल्या. काका म्हणाले, "दुपारी दोन ते चार आपली गिरणी बंदच असते, ताई." तेव्हापासून मैत्रिणीची वेळ अडीचची.

तिचं सेशन चालू असताना मी बाहेरच्या बाकावर बसायची. तिथून शेजारच्या, मुलांच्या खोलीचं दार दिसतं. एकदा एक मुलगा आईचं बोट धरून निघून गेला आणि ताईंनी मला आत बोलावलं. त्या पोराच्या आईला विचारून, आणि त्याची ओळख लागेल असं काहीही न सांगता.

मधोमध लाकडी ट्रे, पाटाहून थोडा मोठा, आतून निळा रंगवलेला. वाळू बाजूला सारली की तळाशी पाणी दिसावं म्हणून निळा. भिंतीच्या फळ्यांवर खेळण्यांची गर्दी: बैल, राक्षस, पोलीस, एसटी, तुटक्या हाताची बाहुली. मार्गारेट लोवेनफेल्ड या डॉक्टरांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये मुलांसमोर असा वाळूचा ट्रे ठेवला. पुढे स्वित्झर्लंडमध्ये डोरा काल्फ यांनी त्यातून आपली पद्धत घडवली. मुलाकडे घडलेल्या गोष्टीसाठी शब्द नसतात, हात असतात.

त्या दिवशीच्या ट्रेमध्ये एका कोपऱ्यात वाळूचा उंचवटा होता. ताईंनी बोटानं हलकेच उकरलं. आत लाल मोटार.

"अकरा वेळा पुरलीय त्यानं," त्या म्हणाल्या. "अकरा सेशन, अकरा वेळा."

"तुम्ही काढायला नाही सांगितलंत?"

"मी कशी सांगू? मोटार त्याची आहे."

मग त्यांनी ट्रेचा फोटो घेतला आणि एकेक खेळणं उचलून, फडक्यानं वाळू पुसून, आपापल्या जागी ठेवलं. मुलाच्या देखत हे कधीच मोडत नाहीत. त्यानं मांडलेलं जग तसंच्या तसं मनात घेऊन त्यानं घरी जायचं. मोटार त्यांनी सगळ्यात शेवटी उचलली. चाकांत अडकलेली वाळू काढायला त्यांच्याकडे एक जुना दात घासायचा ब्रश आहे. ती चाकं घासतानाची त्यांची वाकलेली मान मला अजून दिसते. अकरा वेळा हे त्यांनी केलं असणार.

मोठ्यांचं काम वेगळं दिसतं. मैत्रिणीवर ताई ईएमडीआर वापरतात. फ्रान्सिन शपिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८७च्या सुमारास ही पद्धत सुरू केली. आठवणीचा एक तुकडा मनात धरायचा आणि डोळ्यांनी समोरच्या बोटाचा डावी-उजवीकडे पाठलाग करायचा. गुण नक्की कशानं येतो, डोळे हलवण्यानं की आठवणीला सावकाश सामोरं जाण्यानं, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. मला आधी हा प्रकार मांत्रिकासारखा वाटला होता, पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३च्या शिफारशींत ही पद्धत आणि आघातावर बेतलेली सीबीटी (विचार आणि वर्तनावर काम करणारी उपचारपद्धती), दोन्ही मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी सांगितल्या आहेत. त्याच शिफारशींत, आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्रास कमी करायला बेन्झोडायझेपिन गटातली औषधं देऊ नका, असंही आहे. आपल्याकडे घरात मोठं काही घडलं की पहिली धावाधाव झोपेच्या गोळीसाठीच होते.

सेशन संपलं की मैत्रीण बाहेर येऊन आधी पाणी पिते. कधी रडलेली असते, कधी नुसती दमलेली. एकदा म्हणाली, "आज आजीचा हात आठवला. फक्त हात. बांगड्या होत्या." त्या दिवशी आम्ही पेठेतून चालतच घरी आलो.

लाल मोटारीचं पुढे काय झालं, हे मी ताईंना न राहवून विचारलं. बाराव्या वेळी त्यानं मोटार पुरली, आणि त्या उंचवट्याशेजारी एक गाय आणून उभी केली.

"गाय कशाला?"

"माहीत नाही," ताई म्हणाल्या. "त्यानं ठेवली."

गेल्या महिन्यात मैत्रिणीनं आपण होऊन साडेचारची वेळ मागितली. मी बाकावर होते. खाली पट्टा फिरू लागला आणि फरशीचा कंप आता मलाही तळपायांना कळला. दार नेहमीसारखं वीतभर उघडं होतं. फटीतून ती दिसत होती: खुर्चीच्या कडेवर बसलेली, पाय जमिनीला घट्ट लावलेले. समोरच्या स्टुलावरच्या पेल्यात पाणी थरथरत होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती.

"थांबवू या?" ताईंनी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "ज्वारी दळतायत."