चिडचिडीचं मूळ उशाशी

तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात 10 ते 13 तास झोप हवी आणि स्क्रीन फार तर एक तास, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019मध्ये सांगितलं. हे दोन आकडे एकमेकांत गुंतलेले आहेत. अंथरुणात कार्टून सुरू राहिलं की उजेडामुळे झोप आणणारं मेलाटोनिन कमी स्रवतं. मग अर्धवट झोपेतून उठलेलं पोर दुधाचा कप बदलला म्हणूनही भोकाड पसरतं. हट्टी मुलाला गप्प करायलाच मोबाइल दिला जातो, हा आक्षेप खराच. कार्यकारणभाव दोन्ही बाजूंनी चालतो. पण हे चक्र तोडायची सोपी जागा झोपेचीच. स्वयंपाक उरकेपर्यंत अर्धा तास गाणी लावून देणाऱ्या आईबापांना बोल लावू नये. झोपण्याआधीचा तास मात्र गोष्टीसाठी राखावा.