स्लीप ॲप्निया : उपचारयंत्रातील नोंदींचा अर्थ व यंत्राची निवड

प्रस्तावना :
निद्रावस्थेत घशाचे स्नायू शिथिल होऊन श्वासमार्ग वारंवार बंद होणे, रक्तातील प्राणवायू घटणे व झोप मोडणे, या विकारास अवरोधात्मक स्लीप ॲप्निया म्हणतात. डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुंबईतील ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांपैकी सुमारे ७.५ टक्के पुरुषांत लक्षणांसह हा विकार आढळला. घोरणे म्हणजे गाढ झोप, हा समज त्यामुळे घातक ठरतो. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातून मांडलेली सीपॅप पद्धती हा यावरील प्रमुख उपचार होय. यात मास्कद्वारे दाबयुक्त हवा देऊन श्वासमार्ग खुला ठेवला जातो.

नोंदींचे वाचन :
तासाला किती वेळा श्वास थांबला अथवा मंदावला, ही संख्या म्हणजे एएचआय. प्रौढांत ५ पेक्षा कमी सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम व ३० पेक्षा अधिक तीव्र मानली जाते. मात्र यंत्र ही संख्या केवळ वापराच्या तासांवरून काढते. उदाहरणार्थ, मूळ एएचआय ३० असलेला रुग्ण ७ तास झोपतो, पण मास्क ३ तासच लावतो. यंत्र २ हा आकडा दाखविते. उरलेल्या ४ तासांत मूळ विकार कायम राहिल्यास संपूर्ण रात्रीची सरासरी १८ येते. म्हणजेच पडद्यावर 'सामान्य' दिसणारा रुग्ण वस्तुतः मध्यम तीव्रतेचाच राहतो.

म्हणून प्रथम वापराचे तास पाहावेत. नंतर हवेची गळती, कारण गळती जास्त असल्यास इतर नोंदी विश्वसनीय राहत नाहीत. त्यानंतर एएचआय व शेवटी दाब.

यंत्राची निवड :
ठरावीक दाब पुरेसा असल्यास साधे सीपॅप चालते. स्थिती व झोपेच्या अवस्थेनुसार गरज बदलत असल्यास स्वयंचलित यंत्र सोयीचे ठरते. अतिस्थूलतेमुळे श्वसनच अपुरे पडत असल्यास श्वास घेताना व सोडताना वेगवेगळा दाब देणाऱ्या बायपॅपचा विचार होतो. नोंदींत मेंदूकडून श्वसनाचा संदेशच न येण्याचे, म्हणजे 'सेंट्रल' प्रकार अधिक दिसल्यास स्वतःहून दाब वाढवू नये. अशा रुग्णांसाठीचे एएसव्ही यंत्र हृदयाची आकुंचनक्षमता क्षीण असलेल्यांत मृत्यूचा धोका वाढविते, असे २०१५ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसून आले.

आसगावसारख्या ग्रामीण भागात आणखी दोन बाबी महत्त्वाच्या ठरतात : वीज खंडित झाल्यास पर्यायी व्यवस्था आणि दूरच्या तज्ज्ञास दाखविता येतील अशा सविस्तर नोंदी साठविण्याची सोय. केवळ तास मोजणारे स्वस्त यंत्र येथे अपुरे पडते.

निष्कर्ष :
एकच आकडा पाहून उपचार यशस्वी मानणे योग्य नव्हे. वापर, गळती, एएचआय व दाब यांचे एकत्रित वाचन आणि निद्रातपासणीवर आधारित वैद्यकीय सल्ला, याच क्रमाने यंत्राचा निर्णय घेणे हितावह ठरेल.