गोचिडांमुळे गाईंना होणारा जिवाणूजन्य रोग : ॲनाप्लाझ्मोसिस

या पाठात आपण ॲनाप्लाझ्मोसिस या रोगाचा अभ्यास करणार आहोत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला गाईच्या आजाराशी काय करायचे, असा प्रश्न तुम्हाला पडेल. पण रोगनिदान हा मापनाचाही प्रश्न आहे. चाचणी किती कमी जंतू पकडू शकते? आणि तिने ‘रोग नाही’ असे सांगितले, तर त्यावर किती विसंबावे?

१. पार्श्वभूमी

बेंगळुरूभोवतीच्या ग्रामीण भागात आणि कोलारकडे अनेक कुटुंबे दोन-तीन संकरित गाईंचे दूध सहकारी संघाला घालून संसार चालवतात. हळ्ळीकारसारख्या देशी गोवंशात गोचिडांना तोंड देण्याची ताकद जास्त असते. होल्स्टीन संकरित गाय दूध भरपूर देते, पण गोचिडांना लवकर बळी पडते. दोनांपैकी एक गाय दगावली तर घराचे निम्मे उत्पन्न जाते. हेब्बाळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९५८) आणि येलहंका येथील ‘निवेदी’ ही पशुरोगांच्या साथींचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था, दोन्ही याच शहरात आहेत.

२. रोगजंतू

गोचीड रोग पसरवते, हे स्मिथ आणि किलबोर्न यांनी अमेरिकेत १८९३ मध्ये बबेसिया या आदिजीवाच्या बाबतीत सिद्ध केले. पुढे १९१० मध्ये अर्नोल्ड थायलर यांनी दक्षिण आफ्रिकेत ॲनाप्लाझ्मा मार्जिनाले या जंतूचे वर्णन केले. तो तांबड्या पेशीच्या कडेला ठिपक्यासारखा दिसतो, म्हणून ‘मार्जिनाले’. शेतकरी ‘गोचीडताप’ म्हणतात त्यात थायलेरिया, बबेसिया आणि ॲनाप्लाझ्मा हे तिन्ही येतात. पहिले दोन आदिजीव आहेत, तिसरा जिवाणू. औषध ठरवताना हा फरक महत्त्वाचा असतो.

३. प्रसार

ऱ्हिपिसेफालस मायक्रोप्लस ही आपल्याकडची प्रमुख वाहक गोचीड. बबेसिया मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो. ॲनाप्लाझ्मा सहसा उतरत नाही. मग तो एका गाईकडून दुसरीकडे कसा जातो? नर गोचीड थोडे रक्त पिऊन शेजारच्या गाईवर सरकतो, आणि जंतू त्याच्याबरोबर जातो. याशिवाय चावऱ्या माश्या, न बदललेली इंजेक्शनची सुई आणि शिंगे कापण्याची वा कान टोचण्याची अस्वच्छ हत्यारे यांतूनही रोग पसरतो. म्हणजे अंगावर एकही गोचीड नसलेल्या गाईलाही तो होऊ शकतो.

४. लक्षणे

ताप, दूध एकदम कमी होणे, अशक्तपणा, डोळ्यांचा आतला पडदा पांढुरका व नंतर पिवळा पडणे. बाधित पेशी मुख्यतः प्लीहेत नष्ट होतात, रक्तवाहिनीत फुटत नाहीत. त्यामुळे बबेसियासारखी लाल लघवी येथे होत नाही. वासरांत आजार सौम्य असतो. दोन वर्षांपुढील जनावरात तो जिवावर बेततो.

५. सोडवलेले उदाहरण

(अ) रोग वाढत असताना बाधित पेशींचे प्रमाण साधारण २४ तासांत दुप्पट होते. आज १ टक्का पेशी बाधित असतील तर चार दिवसांनी किती?

१ → २ → ४ → ८ → १६ टक्के. ‘दोन दिवस वाट पाहू’ याची किंमत येथे कळते.

(आ) बरी झालेली गाय बहुधा आयुष्यभर वाहक राहते, कारण जंतू आपली पृष्ठभागावरील प्रथिने बदलत राहतो. समजा, वाहक गाईच्या १ मिलिलिटर रक्तात ७०० कोटी तांबड्या पेशी आहेत आणि त्यांपैकी १० हजार बाधित आहेत. म्हणजे ७ लाखांत एक. गिम्सा रंजक लावलेल्या काचपट्टीवर तुम्ही १,००० पेशी तपासल्या, तर बाधित पेशी सापडण्याची शक्यता सुमारे ७०० मध्ये एक!

म्हणून तापलेल्या गाईसाठी काचपट्टी उपयोगी आहे. पण बाजारातून आणलेली गाय वाहक आहे का, हे तिच्यावरून ठरवता येत नाही. त्यासाठी पीसीआर किंवा प्रतिपिंडे शोधणारी एलायझा चाचणी लागते.

६. उपचार व प्रतिबंध

पशुवैद्यक ऑक्सिटेट्रासायक्लिन किंवा इमिडोकार्ब देतात. थायलेरियावरचे बुपारवाक्वोन येथे उपयोगाचे नाही. रक्त कमी झालेल्या गाईला पळवू नये, जबरदस्तीने पाडू नये. त्या ताणानेही ती दगावू शकते. औषधाचा अंश दुधात उतरतो, म्हणून सांगितलेली मुदत संपेपर्यंत ते दूध संघाला घालू नये. प्रत्येक जनावराला नवी सुई, गोठ्याच्या भेगा बुजवणे, गोचीडनाशकाची योग्य मात्रा आणि नवे जनावर काही आठवडे वेगळे बांधणे हे उपाय स्वस्त आहेत.

स्वाध्याय

१. उदाहरण (आ) मध्ये बाधित पेशी १० लाख असतील, तर १,००० पेशींत सरासरी किती सापडतील?
२. गोचीडनाशक फवारूनही गोठ्यात रोग पसरला. दोन संभाव्य कारणे द्या.
३. लाल लघवी नाही, म्हणून ‘गोचीडताप नाही’ असे म्हणणे चूक का आहे?