वसईचे दोन तह

व्यापारानिमित्त मुंबईस जाणाऱ्या सोलापूरकरांचा एक ठरलेला क्रम आहे. रात्रीं सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्यें बसावें, सकाळीं मुंबईस उतरावें, मूळजी जेठा मार्केटांतलें किंवा मशीद बंदरावरचें देणें-घेणें उरकावें आणि त्याच रात्रीं परत निघावें. ज्याची भेट घ्यावयाची तो गृहस्थ बाहेरगांवीं गेला म्हणजे मात्र उभा दिवस अंगावर पडतो, आणि तो बहुधा चौपाटीवर अगर सिनेमागृहांत खर्चीं पडतो. अशा वाचकांस आमची सूचना अशी कीं, त्यांनीं दादरला विरारकडील लोकल धरावी आणि वसई पाहून यावी. सकाळची गर्दी उलट दिशेची असल्यामुळें बसावयास जागा मिळते. खाडीचा लांब पूल ओलांडला कीं नायगांव, आणि पुढचें स्टेशन वसई रोड. तेथून किल्ला बराच दूर आहे. पण बस किंवा रिक्षा यांची वाण नाहीं.

किल्ला म्हणजे एक तटबंदीचें शहरच होतें. १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली, आणि पुढें दोनशें वर्षें तेथें त्यांचा अंमल राहिला. छप्पर गेलेलीं मोठमोठीं देवालयें, पोर्तुगीज लेख कोरलेल्या थडग्यांच्या शिळा, वडापिंपळांनीं कवटाळलेल्या भिंती आणि पलीकडे कोळ्यांचें बंदर, असा तो देखावा आहे. जुन्या दगडांवर आपलीं नांवें खरडून जाणाऱ्या शिकलेल्या मंडळींविषयीं आम्ही येथें अधिक लिहीत नाहीं. त्यांनीं पुन्हा जाऊन तीं नांवें वाचावींत, एवढीच शिक्षा पुरे.

वसई म्हटली कीं आपणांस चिमाजी आप्पा आठवतात, आणि तें योग्यच आहे. १७३९ च्या वेढ्यांत मराठ्यांचीं हजारों माणसें पडलीं, सुरुंगांनीं सेंट सेबास्टियनचा बुरूज उडाला, आणि मे महिन्यांत किल्ला हातीं आला. पण आम्हांस त्या विजयाइतकाच त्याच्या मागून झालेला तह मोठा वाटतो. पडलेल्या शत्रूच्या शिबंदीस शस्त्रांसह, नगारे वाजवीत निघून जाण्याची मुभा त्यांत होती. आणि ज्या ख्रिस्ती रयतेस मागें राहावयाचें असेल तिला आपला धर्म पाळण्याची मोकळीक होती. धर्माच्या नांवाखालीं ज्यांनीं या प्रांतांत जुलूम केला त्यांच्याशीं हा व्यवहार झाला, हें लक्षांत घ्यावें. देवालयांच्या घंटा मात्र विजयचिन्हें म्हणून देशावर आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटा त्यांपैकींच. राहिलेल्या रयतेचे वंशज आजही तेथें आहेत, आणि त्यांच्या घरांत मराठी बोलली जाते. २०२० सालीं आपल्या शेजारीं उस्मानाबादेस, म्हणजे हल्लींच्या धाराशिवास, जें मराठी साहित्यसंमेलन भरलें, त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचेच. ख्रिस्ती धर्मगुरूस तो मान कां, अशी कुरकूर तेव्हां करणाऱ्यांनीं १७३९ चा तह एकदां वाचून पाहावा.

दुसरा तह सांगावयास जीभ अडखळते. त्याच वसईंत, अवघ्या त्रेसष्ट वर्षांनीं, ३१ डिसेंबर १८०२ रोजीं, दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं करार केला. यशवंतराव होळकरांनीं पुण्याजवळ पराभव केल्यामुळें पेशवा पळून येथें आला होता. आमचा व्यवसाय वकिलीचा. दस्तऐवज वाचतांना कोणी काय दिलें आणि काय घेतलें, हें आम्ही आधीं पाहतों. बाजीरावानें दिलें तें असें: इंग्रजांची किमान सहा हजारांची फौज आपल्या राज्यांत कायम ठेवून घ्यावी, तिच्या खर्चास सालीना सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा, निजाम व गायकवाड यांच्याशीं असलेले तंटे इंग्रजांच्या निवाड्यावर सोपवावे, आणि त्यांना विचारल्यावांचून दुसऱ्या कोणाशीं युद्ध किंवा बोलणें करूं नये. मिळालें काय? पुण्याची गादी. भावाशीं भांडण झालें म्हणून एखाद्या दुकानदारानें शेजाऱ्यास आंत घ्यावें, त्याच्या पहारेकऱ्यांचा पगार आपल्या गल्ल्यांतून द्यावा आणि पुढें उधारी कोणास द्यावयाची हेंही त्यालाच विचारावें, अशांतला हा सौदा. त्या दुकानाची मालकी किती दिवस टिकेल, हें आमच्या बाजारपेठेंतील पोरसुद्धां सांगेल.

ती सोळा वर्षें टिकली नाहीं. आणि तिचा शेवट पाहावयास सोलापूरकरांस वसईस जावें लागत नाहीं. पेशव्यांच्या उरल्यासुरल्या पायदळानें व तोफखान्यानें १८१८ च्या मे महिन्यांत आमच्या भुईकोट किल्ल्याचा आसरा घेतला होता. जनरल मन्रो व प्रिट्झलर यांनीं १० मे रोजीं तें सैन्य मोडलें, आणि चार-पांच दिवसांत किल्ला इंग्रजांच्या स्वाधीन झाला. ३ जूनला बाजीराव स्वतः माल्कमच्या स्वाधीन झाला. वसईस सही झालेला कागद असा सिद्धेश्वराच्या तळ्याकांठीं येऊन पोहोंचला.

१९३० च्या मे महिन्यांत ह्याच शहरानें मार्शल लॉ सोसला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा व कुर्बान हुसेन हे चौघे फांशीं गेले. तें प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक आहे. १८१८ ठाऊक असणारा मात्र आम्हांस क्वचितच भेटतो. वसईस जाणारी माणसेंही बहुधा चिमाजी आप्पांच्या स्मारकापुढें छायाचित्र काढून परततात. १८०२ ची गोष्ट ती दाखवावयास नेलेल्या मुलांना कोणी सांगत नाहीं. पराभवाची वही झांकून केवळ विजयाची वाचणारा व्यापारी आम्हीं तरी पेठेंत पाहिलेला नाहीं.

येत्या सुटींत जे वाचक मुलांबाळांसह मुंबईस जाणार असतील त्यांची गाडी रात्रींची आहे. त्या दिवशींची दुपार त्यांनीं भुईकोटांत घालवावी, दुसरा दिवस वसईस द्यावा, आणि परततांना सुकेळी मिळालीं तर घरच्यांसाठीं बरोबर घ्यावींत.