मऊ प्लास्टिकचे आमिष : दुकानातले आणि पाण्यातले

उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या नद्या, सरोवरे आणि धरणांचे जलाशय यांत आढळणारे बास मासे मायक्रॉप्टेरस या प्रजातीतील असून, लार्जमाउथ, स्मॉलमाउथ आणि स्पॉटेड या त्यांच्या तीन जाती हौशी मासेमारांना विशेष प्रिय आहेत. त्यांना गळाला लावण्याच्या अनेक पद्धतींपैकी ‘फिनेस’ ही पद्धत नाजूक सामग्रीची आहे. तिच्यात सहा ते आठ पौंड ताण सहन करणारा बारीक तंगूस, दोन ते पाच ग्रॅमचे वजन, लवचीक काठी आणि बोटभर लांबीचे मऊ प्लास्टिकचे आमिष वापरले जाते, आणि आमिष ओढत नेण्यापेक्षा त्याला सावकाश बुडू देण्यावर किंवा जवळजवळ एका जागी ठेवण्यावर भर असतो. या आमिषांच्या निवडीविषयी जे गैरसमज रूढ आहेत, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ एकच आहे. दुकानात आमिष पारखले जाते ते रंग, आकार आणि वास यांवरून. मासा मात्र ते पाण्यात कसे बुडते, कसे थांबते आणि तोंडात घेतल्यावर कसे लागते यावरून ठरवतो.

सर्व मऊ आमिषे एकाच द्रव्याची असतात आणि फरक केवळ साच्याचा असतो, हा समज सर्वांत खोलवर रुजलेला आहे. त्याला इतिहासाचा आधारही आहे, कारण ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे निक क्रीम यांनी १९४९ मध्ये प्लास्टिकचे गांडूळ बनवले, तेव्हापासून अनेक दशके ही आमिषे प्रामुख्याने पीव्हीसीचीच बनत आली. पीव्हीसीची बारीक पूड मृदुकारक द्रवात, म्हणजे प्लास्टिकला मऊपणा देणाऱ्या तेलकट द्रवात, कालवली की प्लॅस्टिसॉल नावाचे दुधाळ मिश्रण तयार होते. ते सुमारे १७५ अंश सेल्सियसपर्यंत तापवले की पुडीचे कण द्रव शोषून एकजीव होतात आणि साच्यात थंड झाल्यावर रबरासारखा मऊ पदार्थ मिळतो. मृदुकारकाचे प्रमाण वाढवले की आमिष अधिक मऊ होते आणि तितकेच लवकर फाटते. शुद्ध पीव्हीसीची घनता पाण्याच्या सुमारे १.४ पट आणि नेहमीच्या मृदुकारकांची जवळपास पाण्याइतकी असल्यामुळे त्यांच्या मिश्रणाचे आमिष पाण्यापेक्षा किंचितच जड ठरते आणि हळूहळू बुडते. या ‘किंचित’मध्येच फिनेस पद्धतीचे सारे मर्म आहे, कारण आमिषाच्या घनतेत थोडा बदल झाला तरी त्याच्या बुडण्याची गती आणि ढब दोन्ही बदलतात.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे गॅरी यामामोटो यांनी १९९० च्या दशकात आणलेले ‘सेन्को’. हातात घेतल्यावर ते एखाद्या साध्या, किंचित निमुळत्या कांडीसारखे दिसते. त्याला शेपूट नाही, पाय नाहीत, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यात माशाने भुलावे असे काही आढळत नाही. परंतु त्यात मीठ भरपूर मिसळलेले असते आणि मिठाची घनता पाण्याच्या दुपटीहून अधिक असल्यामुळे पाच इंची कांडी कोणतेही शिसे न लावता दूर फेकता येते. कांडीच्या मधोमध गळ अडकवला, ज्याला ‘वॅकी’ मांडणी म्हणतात, की ती आडवी राहून बुडते आणि बुडताना तिची दोन्ही टोके थरथरतात. ही थरथर मासेमाराच्या मनगटातून येत नाही. ती घनता, मऊपणा आणि पाण्याचा रोध यांच्या मेळातून आपोआप उपजते, आणि म्हणूनच त्याच आकाराची, पण कमी मिठाची आणि कडक प्लास्टिकची नक्कल दुकानात हुबेहूब दिसली तरी पाण्यात निर्जीवपणे खाली जाते.

येथूनच दुसरा गैरसमज जन्माला आला, तो म्हणजे मीठ जितके अधिक तितके आमिष चांगले. मीठमिश्रित मऊ आमिषांचे पेटंट १९८० च्या दशकात जीन लॅर्यू यांना मिळाले, तेव्हा माशाला खारट चव आवडते आणि तो आमिष अधिक वेळ तोंडात धरतो, असा विचार त्यामागे होता. चवीचा परिणाम काहीही असो, मिठाचे निर्विवाद काम वजन वाढवण्याचे आहे. त्याचबरोबर मिठाचे कण प्लास्टिकची सलगता तोडतात, त्यामुळे असे आमिष एक-दोन माशांनंतर गळाच्या जागी फाटते. वॅकी मांडणीत कांडीवर रबरी कडे चढवून त्यातून गळ घालतात तो याच कारणासाठी. जेथे आमिष तळाशी उभे राहावे किंवा पाण्याच्या मध्यावर तरंगत राहावे अशी अपेक्षा असते, तेथे तर मीठ सरळसरळ अडथळा ठरते.

अशा कामासाठी थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमर, संक्षेपाने टीपीई, हे वेगळेच द्रव्य उपयोगी पडते. ते पाण्यापेक्षा हलके आहे, स्वतःच्या लांबीच्या कितीतरी पट ताणले तरी तुटत नाही, आणि झी-मॅन कंपनीची ‘इलाझटेक’ नावाने विकली जाणारी आमिषे याच वर्गातील आहेत. सपाट, छत्रीसारख्या डोक्याच्या छोट्या शिशाच्या गळावर पावणेतीन इंची टीपीई कांडी चढवली की शिसे तळाला टेकते आणि कांडी शेपूट वर करून उभी राहते, जणू तळावर चरणारा एखादा जीवच. कॅन्ससमधील मासेमार आणि लेखक नेड केडी यांच्या नावावरून या जोडणीला ‘नेड रिग’ म्हणतात, जरी तिची मुळे त्याआधी कॅन्सस सिटीच्या परिसरात चक वूड्स यांनी रुजवलेल्या हलक्या आमिषांच्या परंपरेत आहेत. या जोडणीत मासेमाराने काहीच न करणे हेही एक कौशल्य मानले जाते, आणि ते योग्यच आहे, कारण आमिष स्थिर असतानाही पाण्याच्या हालचालीने डुलत राहते.

टीपीईविषयी एक व्यावहारिक चूक मात्र वारंवार घडते. आमिषांची डबी एकच ठेवली तर पीव्हीसीतील मृदुकारक शेजारच्या टीपीईत शिरते आणि काही दिवसांत दोन्ही विरघळून चिकट गोळा होतो. हे निकृष्ट मालाचे लक्षण समजले जाते, परंतु तो दोन द्रव्यांच्या रसायनाचा सरळ परिणाम आहे. टीपीईची आमिषे मूळ पाकिटातच वेगळी ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय होय.

लहान आमिषाला लहानच मासा लागतो, या समजुतीने अनेकांना फिनेस पद्धतीपासून दूर ठेवले आहे. मोठा बास मोठे भक्ष्य पकडू शकतो हे खरे, पण तो तेवढेच पकडतो असे नाही. बास शीतरक्ती आहे, म्हणजे त्याच्या शरीराचे तापमान आणि त्याबरोबर भुकेची तीव्रता पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते, आणि थंड पाण्यात किंवा सतत मासेमारी होणाऱ्या जलाशयात तो मोठ्या, वेगवान भक्ष्यामागे धावण्याऐवजी तोंडासमोर आलेला छोटा घास स्वीकारतो. स्मॉलमाउथच्या आहारात क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातील झिंग्यासारखा कवचधारी जीव, मोठ्या प्रमाणात असतो आणि तो अनेकदा बोटाएवढाच असतो. पंचमहासरोवरांच्या प्रदेशात १९९० मध्ये राउंड गोबी हा परदेशी मासा प्रथम आढळला आणि पुढे सर्वत्र पसरला, तेव्हापासून तेथील धिप्पाड स्मॉलमाउथ तळाशी राहणाऱ्या या लहान माशावरच पोसले जात आहेत. तेथे तीन-चार इंची तपकिरी-हिरवे आमिष ही तडजोड ठरत नाही. ते रोजच्या अन्नाचेच माप असते.

आमिषाला जितके अवयव अधिक तितकी हालचाल अधिक, हा तर्कही फिनेस पद्धतीत उलटा पडतो. वळणदार शेपूट थरथरण्यासाठी आमिष पुढे सरकावे लागते आणि वल्ह्यासारख्या शेपटीला तर आणखी वेग लागतो; जवळजवळ स्थिर ठेवलेल्या आमिषावर हे अवयव लोंबत राहतात. सरळ, बारीक शेपटीचे गांडूळ मात्र तंगुसाच्या हलक्याशा कंपानेही सळसळते, आणि म्हणूनच ‘ड्रॉप शॉट’ जोडणीत त्याला पसंती मिळते. जपानमध्ये विकसित झालेल्या आणि पुढे अमेरिकेत पसरलेल्या या जोडणीत वजन तंगुसाच्या अगदी टोकाला आणि गळ त्याच्या वर वीतभर अंतरावर बांधलेला असतो, त्यामुळे वजन तळावर स्थिर राहून आमिष माशाच्या नजरेच्या उंचीवर अधांतरी थांबते. नवशिके येथे काठी अखंड हलवत राहतात, परंतु तंगूस किंचित सैल ठेवून दिलेले एक-दोन हलके झटके आणि मधली विश्रांती यांतच या जोडणीचा गुण आहे.

रंगाविषयीचे समज सर्वांत महाग पडतात, कारण उत्पादक शेकडो छटा विकतात आणि मासेमार त्या घेतात. लार्जमाउथच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकू-पेशींचे दोनच प्रकार आहेत, एक हिरव्या आणि दुसरा लाल प्रकाशाला प्रतिसाद देणारा. माणसात ते तीन असतात. फ्रँक ब्राउन यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बासची रंगदृष्टी पिवळसर काचेतून पाहणाऱ्या माणसासारखी असावी, असे अनुमान काढले होते. २०१९ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी विशिष्ट रंग निवडल्यास खाऊ देऊन माशांना शिकवले, तेव्हा ते लाल आणि हिरवा सहज ओळखू लागले, परंतु पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत, तसेच निळा आणि काळा यांत त्यांची गफलत होत राहिली. म्हणजे काळ्या आमिषाने काम होत नसताना गडद निळे पाकीट उघडणे हा माशाच्या दृष्टीने बदलच नव्हे. त्यातच पाणी स्वतः प्रकाश गाळते. स्वच्छ पाण्यात लाल प्रकाश काही मीटरांतच शोषला जातो आणि दुकानात झगझगीत दिसणारे लाल आमिष खोलात काळपट होते. रंग पूर्णपणे गौण आहे असा याचा अर्थ नाही. पार्श्वभूमीशी आमिषाचा उठाव किती, ते गडद की फिके, पारदर्शक की अपारदर्शक, हे प्रश्न खरे आहेत. पण त्यांची उत्तरे देण्यासाठी मातकट हिरवा, धुरकट पारदर्शक आणि काळा अशी चार-पाच पाकिटे पुरतात आणि उरलेला पैसा निरनिराळ्या घनतेच्या आमिषांवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे आहे.

वासाविषयी थोडक्यात सांगता येते. बास मुख्यतः दृष्टीच्या आणि पार्श्वरेषेच्या, म्हणजे शरीराच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पाण्याची हालचाल टिपणाऱ्या संवेदी रेषेच्या, आधारे भक्ष्य शोधतो. गंधाचे रेणू पाण्यात फार मंद पसरतात, त्यामुळे सुगंधी तेलाने दुरून मासा ओढून आणण्याची अपेक्षा व्यर्थ आहे. बास घास पाण्यासह आत ओढतो आणि न आवडल्यास क्षणात थुंकतो, तेव्हा चवीचा उपयोग असलाच तर तो या क्षणाला लांबवण्यापुरता आहे.

मऊपणा आणि गळ यांचा संबंध याहून अधिक लक्ष देण्याजोगा आहे, पण त्याची चर्चा क्वचितच होते. गळाचे टोक आमिषात लपवले, म्हणजे ते पाणवनस्पतीत अडकत नाही, तर मासा लागल्यावर ते प्लास्टिक भेदून बाहेर यावे लागते आणि बारीक तंगूस व लवचीक काठी यांच्यात तेवढा जोर नसतो. जाड, कडक आमिष हलक्या सामग्रीवर चढवले की मासे ‘निसटतात’ आणि दोष काठीला दिला जातो. फिनेससाठी बारीक तारेचा गळ, पातळ आमिष आणि शक्य तेथे उघडे टोक असा मेळ निवडावा, आणि जोरदार हिसका देण्याऐवजी रीळ फिरवत काठी सावकाश ताणावी. टीपीईच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. ते द्रव्य चिवट असल्यामुळे गळ एकदा वाकडा शिरला की आमिष वळते आणि बुडताना गरगर फिरते.

ही सर्व चर्चा बासपुरती आहे, याचेही भान असावे. महाराष्ट्रातील तलावांत मरळ पकडणारे मासेमार रबरी बेडूक वापरतात, आणि तो मासा हवेतून श्वास घेण्यासाठी पृष्ठभागावर येणारा असल्यामुळे तेथे सावकाश बुडणाऱ्या कांडीचे नियम जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

शेवटचा गैरसमज माशापेक्षा पाण्याला अधिक बाधक आहे. मऊ आमिष फाटले की ते पाण्यात टाकून द्यावे, काही काळाने ते विरघळते, असे अनेकजण मानतात. पीव्हीसी आणि टीपीई यांपैकी काहीही तलावात कुजत नाही. उलट टाकलेले प्लास्टिक पाणी शोषून फुगते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ब्रुक ट्राउट माशांपुढे मऊ आमिषे टाकली असता निम्म्याहून अधिक माशांनी ती स्वतःहून गिळली आणि त्यांची वाढ मंदावली. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात चार्ल्स्टन सरोवराच्या तळाशी संशोधकांना अशी टाकलेली आमिषे आढळली, तर जपानमधील कावागुची सरोवरात मऊ प्लास्टिकच्या आमिषांना मनाईच आहे. फाटलेली आमिषे खिशातील पिशवीत जमा करून परत आणावीत. पीव्हीसीची आमिषे पुन्हा वितळवून साच्यात ओतता येतात, मात्र त्यातून टीपीईचे तुकडे आधी वेचून काढावेत आणि हे काम उघड्या हवेत, तापमापक लावूनच करावे, कारण अति तापलेल्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड हा घशाला आणि फुप्फुसांना इजा करणारा वायू बाहेर पडतो.