आकड्यांचे डिटेक्टिव्ह!

'फॉरेन्सिक' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पांढरा कोट, मायक्रोस्कोप आणि टीव्हीवरचा दार तोडणारा दया! मी हा विषय शिकायला घेतला, तेव्हा वसमतच्या मावशीनं थेट विचारलं, "म्हंजे आता तू मढी तपासणार का रे?" नाही मावशी, वह्या तपासणार. फॉरेन्सिक अकाउंटिंग म्हणजे आकड्यांचं पोस्टमॉर्टेम. फरक एवढाच, की इथं 'मेलेला' पैसा कधीकधी परतही येतो.

हिंगोली जिल्हा जन्मला १ मे १९९९ ला, परभणीतून वेगळा होऊन. म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्याच वयाचा. इथली कॉमर्स कॉलेजं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न. बी.कॉम.ला आपण जमा-खर्च जुळवायला शिकतो. फॉरेन्सिकमध्ये नेमकं उलटं शिकवतात : इतकं छान जुळतंय, म्हणजे शंका घ्या!

हळदीतला फंडा

नेहमीचा ऑडिटर काही नमुने तपासतो आणि ताळेबंद योग्य चित्र दाखवतो का, यावर मत देतो. फॉरेन्सिकवाला संशयापासून सुरू करतो आणि कोर्टात टिकेल असा पुरावा शोधतो. आमच्या वसमतच्या हळदीचंच उदाहरण घ्या ना. समजा, एका अडत्याच्या वहीत एका दिवशी ५०० कट्टे विकल्याची नोंद आहे. बिलं आहेत, सह्या आहेत, शिक्के आहेत. सगळं ओके! पण माल हलतो तेव्हा तो मागे खुणा ठेवतो. काट्याची पावती कुठाय? हमाली कुणाला दिली? ट्रकचं भाडं? आणि त्या दिवशी मोंढा तरी सुरू होता का? खोटं बिल बनवणं सोपं असतं. त्याच्या आजूबाजूचे दहा कागद बनवणं महाकठीण.

आणखी एक भन्नाट हत्यार म्हणजे बेनफर्डचा नियम. खऱ्याखुऱ्या, लहान-मोठ्या रकमांच्या लांबलचक यादीत १ ने सुरू होणारे आकडे साधारण ३० टक्के असतात, तर ९ ने सुरू होणारे जेमतेम साडेचार टक्के. मनानं आकडे ठोकणाऱ्याला हे गणित सांभाळता येत नाही. अर्थात, ही फक्त घंटा आहे, पुरावा नव्हे. घंटा वाजली की कागद काढायचे.

२१,०४९ भुतं

सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं मुंबईच्या पीएमसी बँकेवर निर्बंध आणले. खातेदारांना सुरुवातीला काढता येणार होते सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये! तक्रारीनुसार, एचडीआयएल समूहाची ४४ कर्जखाती लपवण्यासाठी तब्बल २१,०४९ बनावट खाती दाखवली गेली होती. गंमत म्हणजे, ही खाती बँकेच्या कोअर बँकिंग सिस्टिममध्ये नव्हतीच. होती ती फक्त तपासणीसाठी दिलेल्या यादीत. म्हणजे दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या असत्या, तर भुतं दिसली असती. आमच्या अभ्यासाचं सार याच एका वाक्यात आहे : मला दिलेली यादी आणि मी स्वतः मिळवलेली यादी, या दोन वेगळ्या गोष्टी.

आणि हे फक्त मुंबईत घडतं असं नाही. २०२३ मध्ये बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट सोसायटीत मराठवाड्यातल्या ठेवीदारांचे पैसे अडकले. ठेवी कर्जाच्या नावाखाली समूहाच्याच कंपन्यांकडे वळवल्या, असा ईडीचा आरोप आहे. मुलीच्या लग्नाचे, सोयाबीनचे, रिटायरमेंटचे पैसे. अशा वेळी मोर्चा काढणारे भरपूर मिळतात. पैसा कुठून कुठे गेला, हे कागदावर दाखवणारी माणसं फार कमी.

मग शिकायचं कुठे?

सी.ए. असाल तर आयसीएआयचा फॉरेन्सिक अकाउंटिंग आणि फ्रॉड डिटेक्शनचा सर्टिफिकेट कोर्स आहे. पदवीधरांसाठी गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे. तिसरा रस्ता अमेरिकेतल्या एसीएफई या संस्थेच्या सीएफई सर्टिफिकेटचा. पदवीवर परीक्षेला बसता येतं, पण नावापुढे ती तीन अक्षरं लावायला दोन वर्षांचा संबंधित अनुभव हवा. बँका, विमा कंपन्या, कन्सल्टन्सी फर्म्सना ही माणसं लागतात. कंपन्यांमधले मोठे घोटाळे तपासायला केंद्र सरकारचं एसएफआयओ कार्यालय आहे. आणि कंपनी कायदा २०१३ च्या कलम ४४७ खाली मोठ्या फ्रॉडला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे तुमचा रिपोर्ट कुणाला तरी आत पाठवू शकतो किंवा निर्दोष माणसाला वाचवू शकतो. म्हणून त्यात एकही शब्द 'वाटतं' म्हणून लिहायचा नाही.

ग्लॅमर? फारसं नाही. बहुतेक वेळ एक्सेल, बँक स्टेटमेंट आणि गार झालेला चहा. पण गावाकडच्या पोरांसाठी एक प्लस पॉइंट आहे. उधारी, अडत, भिशी, पतपेढी हे सगळं आपण पुस्तकाआधी घरात पाहिलेलं असतं. पैसा कुठे कुठे लपू शकतो, याची अर्धी शिकवणी तिथंच झालेली असते.

तेव्हा यापुढे कुणी तुम्हाला दरमहा पक्क्या, घसघशीत व्याजाचं गाजर दाखवलं, तर डिग्री नसतानाही आमचा पहिला प्रश्न बिनधास्त वापरा : "एवढा पैसा येतो कुठून, दादा?"